पलंग उचलायचा कोणी?

सव्वासहा फूट बाय सहा फूट हे आपल्याकडच्या डबलबेडचं नेहमीचं माप. म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या ३०० चौरस फुटांच्या घराचा आठवा हिस्सा या एका वस्तूखाली जातो, आणि दिवसातले पंधरा-सोळा तास तिच्यावर कुणी झोपलेलंही नसतं. चौरस फुटाला २५ हजार रुपये भाव धरला, तर त्या पलंगाखालच्या फरशीची किंमत नऊ लाखांच्या वर जाते. सोफा-कम-बेड, भिंतीत उभा राहणारा पलंग, झाकण उचलायचा बॉक्स-बेड, भिंतीवरून खाली येणारं टेबल, एकात एक बसणारी स्टुलं हा सगळा बाजार या एका हिशेबावर उभा आहे. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

जाहिरातीत वाचलेल्या जागेचा आकडा असतो. ती जागा रोज सकाळी कुणीतरी हातांनी मोकळी करायची असते आणि रात्री पुन्हा भरायची असते, हे तिथे लिहिलेलं नसतं. हातांचा हा हिशेब आधी केला, त्या घरांत घडीचं फर्निचर वर्षानुवर्षं घडी घालूनच वापरलं जातं. बाकीच्या घरांत सोफा-कम-बेड चार-सहा महिन्यांत कायमचा बेड होतो किंवा कायमचा सोफा, आणि पाहुणे आले की गादी खालीच पडते. या विषयाकडे पाहताना मला पहिला प्रश्न हाच विचारावासा वाटतो: हे उघडणार कोण, मिटणार कोण, आणि किती वाजता?

जागेची टंचाई आपल्याला नवी नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं (बी.डी.डी.) वरळी, नायगाव, आजचा ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या गाळ्यांत तर गावाकडून आलेले गडी दाटीवाटीनं एकत्र राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळी करून आलेला त्याच जागेवर आडवा होई. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंकेत कपडे आणि पैसे, तिच्यावर बसायचं, तिच्यावरच कागद ठेवून गावाला पत्र लिहायचं. वळकटी दिवसा भिंतीशी लावली की टेकायला लोड. बहुउपयोगी फर्निचर म्हणून आज जे विकलं जातं, त्याची मूळ कल्पना या दोन वस्तूंत पुरी होती, आणि दोन्ही एका माणसाला एका हातानं उचलता येत.

कुटुंबाच्या खोलीत याचीच वाढ झालेली दिसे. लोखंडी कॉट विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवून उंच केलेली. खाली पेट्या, धान्याचे डबे, पाण्याचं पिंप, आणि रात्री डबे बाजूला सारून तिथेही एखादं पोर झोपलेलं. दिवसा सगळ्यांची अंथरुणं कॉटवर रचून वरून एक चादर ओढली की आल्यागेल्याला बसायची जागा तयार. भिंतीला फळ्या आणि खुंट्या, वर पोटमाळा. छताला कप्पीवरून दोरीनं वर-खाली होणाऱ्या दांड्या, त्यांच्यावर पावसाळ्यात चार माणसांचे कपडे डोक्यावर वाळत. ही दांडी मला आजही छोट्या घरातली सर्वांत हुशार वस्तू वाटते. ती फरशीची एक इंचही जागा घेत नाही, दोरी ओढायला दोन बोटं पुरतात, आणि मोडली तर नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे तिची कप्पी मिळते.

पुण्या-नाशिकच्या वाड्यांतही सामान भिंतीच्या पोटातच असे. कोनाडा, फडताळ, देवळी. जेवणासाठी पाट मांडायचे आणि जेवण झालं की भिंतीशी उभे करायचे. वाड्यात जागा होती, चाळीत नव्हती, तरी पद्धत एकच: जमीन मोकळी ठेवा, भिंत आणि छत वापरा. मोकळी जमीन हीच जेवायची जागा, अभ्यासाची जागा, पापड वाळवण्याची, बाळाला तेल लावण्याची आणि झोपण्याची जागा.

हे सगळं आठवताना गोडवे गायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. जमिनीवरचं जगणं ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्यासाठी होतं. सातव्या महिन्यातली बाई, संधिवात झालेली आजी, ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस, यांना जमिनीवरून उठणं ही रोजची शिक्षा होती. रोज डझनभर अंथरुणं घालायचं आणि काढायचं काम बहुतेक घरांत सून करत असे आणि ते काम म्हणून मोजलंही जात नसे. एकांताचा प्रश्न तर कोणत्याही वळकटीनं सोडवला नाही. राजा ठाकूर यांचा १९७० चा ‘मुंबईचा जावई’ आणि त्यावरून हिंदीत निघालेला १९७२ चा ‘पिया का घर’ हे दोन्ही चित्रपट उभेच आहेत मुंबईच्या दाटीच्या घरात नव्या जोडप्याला निवांत कोपरा मिळत नाही या एका अडचणीवर.

मग घरात वस्तू आल्या. गोदरेजनं १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली होती. पुढे मध्यमवर्गीय घरात ते कपाट आणि त्याचा आरसा हे लग्नातलं ठरलेलं सामान झालं. चूल जाऊन उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला. सेटी आली, दिवाण आला, टीव्ही आणि त्यासाठी भिंतभर शोकेस आली, फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं. यातली प्रत्येक वस्तू सोयीची, पण प्रत्येकीनं जमिनीचा एक तुकडा कायमचा घेतला. खोलीचं माप तेवढंच राहिलं आणि बदलता येणारी जमीन आटली. घडीच्या फर्निचरची गरज तिथून निर्माण झाली. कायमची अडवलेली जमीन पुन्हा काही तासांसाठी सोडवून घ्यायचा हा खटाटोप आहे.

पश्चिमेत हा खटाटोप जुना आहे. शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सारा गुड या आफ्रिकन-अमेरिकन बाईंनी १८८५ मध्ये एका पलंगाचं पेटंट घेतलं. घडी घातली की त्याचं लिहायचं मेज होई, कागद-लेखण्या ठेवायला कप्पेही होते. लहान खोल्यांत राहणाऱ्या गिऱ्हाइकांची अडचण दुकानात बसून त्यांना कळत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी यांनी दारामागे उभा राहणारा पलंग बाजारात आणला, आणि भिंतीतल्या पलंगाला आजही जगभर मर्फी बेड म्हणतात. तो इतका ओळखीचा झाला की १९१६ च्या ‘वन ए. एम.’ या मूकपटात चार्ली चॅप्लिन अशाच पलंगाशी झटापट करताना दिसतो. तो पलंग वठणीवर आणण्याची कसरत लोकांच्या ओळखीची होती.

या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते ती मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की. १९२६ मध्ये या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. भिंतीवरून खाली येणारी इस्त्रीची फळी, बसून काम करायला ओट्यासमोर स्टूल, डाळ-पिठाला हाताशी येणारे अॅल्युमिनियमचे खण. जागेइतकीच त्यांनी बाईची पावलं मोजली. कुठून कुठे जाताना किती चालावं लागतं, वाकावं लागतं का, हात कुठवर पोहोचतो. पुढे या स्वयंपाकघरावर टीकाही झाली, की ते एकाच माणसासाठी आखलेलं होतं आणि त्यामुळे बाई त्यात एकटी पडली. टीका रास्त आहे. तरीही ‘वापरणाऱ्याच्या शरीराला किती पडतं’ हा प्रश्न त्यांनी जागेच्या प्रश्नाच्या बरोबरीनं मांडला, आणि आपल्याकडच्या मॉड्युलर फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये तो आजही सापडत नाही.

जपानचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. तातामीची जमीन, सकाळी गुंडाळून ओशिइरे नावाच्या खोल कपाटात जाणारी फुतोन गादी, पाय दुमडणारं बुटकं जेवणाचं मेज. चाळीतल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पण त्याच जपानची दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते. निशियामा उझो या अभ्यासकानं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास गरिबांच्या लहान घरांची पाहणी केली. एकच खोली दिवसा जेवणाची आणि रात्री झोपायची असं घर वापरायला सोयीचं, असं तोवर गृहीत धरलेलं होतं. त्याला दिसलं ते उलट. अगदी लहान घरातही लोक धडपडून जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवत होते. गाद्या काढल्याशिवाय न्याहारीला बसता येत नाही, हे त्यांना रोज नकोसं होत होतं. युद्धानंतर १९५१ मध्ये सरकारी घरांसाठी जो आराखडा गाजला, त्यात स्वयंपाकघर थोडं वाढवून तिथेच जेवणाचं टेबल बसवलं होतं. म्हणजे ज्या देशाला आपण घडीच्या घराचा गुरू मानतो, त्यानं संधी मिळताच एक गोष्ट घडीतून बाहेर काढून कायमची मांडली.

हाँगकाँगचे वास्तुविशारद गॅरी चँग यांचं घर इंटरनेटवर बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ३४४ चौरस फुटांच्या जागेत छतावरच्या रुळांवरून भिंती सरकवत ते चोवीस वेगवेगळ्या मांडण्या करतात. टीव्हीची भिंत सरकवली की स्वयंपाकघर, दुसरी सरकवली की न्हाणीघर, पलंग खाली येतो, पाहुण्यांची खोली उघडते. कारागिरीला तोड नाही. मात्र लहानपणी याच घरात ते आई-वडील, तीन बहिणी आणि एका भाडेकरूसह राहत होते. चोवीस मांडण्या आल्या त्या घरात ते एकटे उरल्यानंतर. एकट्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट करायची असते, म्हणून त्याचं घर एका वेळी एकच खोली होऊ शकतं. पाच माणसांच्या घरात एकाला झोपायचं असतं, दुसरीला दहावीचा अभ्यास असतो, आजोबांना बातम्या हव्या असतात आणि कुकरची शिट्टी व्हायची असते. हे सगळं रात्री साडेनऊला.

याचं अगदी जवळचं उदाहरण रेल्वेच्या स्लीपर डब्यात आहे. मधला बर्थ म्हणजे दिवसा पाठ टेकायची जागा आणि रात्री पलंग, आपल्यापैकी प्रत्येकानं वापरलेलं सर्वांत मोठं बहुउपयोगी फर्निचर. तो उघडला की खालच्याला बसता येत नाही. म्हणून रेल्वेला नियम करावा लागला, की तो रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतच उघडायचा. तरीही त्यावरून रोज कुठल्या ना कुठल्या डब्यात वाद होतो. एका वस्तूचे दोन उपयोग झाले की घरालाही वेळापत्रक लागतं, आणि ते कुणाच्या सोयीनं ठरतं हे घरातलं वजन ठरवतं. हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपणाऱ्या मुलाला शेवटचा माणूस टीव्ही बंद करेपर्यंत जागं राहावं लागतं. पाहुणे बसलेले असले तर झोप आली म्हणायचीही पंचाईत.

आता बाजारात काय मिळतं आणि कसं चालतं ते पाहू.

बॉक्स-बेड आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत जास्त चुकतो तोही हाच. आत फूटभर खोली धरली तर हजारेक लिटरची साठवण होते, ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या मावशीकडे डोंबिवलीला असा पलंग आहे. १८ मिलिमीटर प्लायची दोन झाकणं, वर कापसाच्या गाद्या. तिथे सुताराबरोबर बसून मी वजन काढलं होतं. आठ बाय चारची प्लायची अख्खी शीट तीसेक किलोंच्या पुढे भरते. सहा बाय तीनचं एक झाकण त्या हिशेबानं अठरा-वीस किलोंचं. वर गादी, चादरी, उशा. साठीच्या पुढची बाई हे एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं आतली रजई ओढणार कशी? मावशी ओढत नाही. दिवाळीत भाचा आला की त्याच्याकडून उघडून घेते, आणि तोवर आत काय आहे हे तिला आठवत नाही. बिछान्याखालची सर्वांत मोठी साठवण वर्षातून दोनदा उघडते, आणि रोज लागणाऱ्या वस्तू ओट्यावर आणि फ्रिजवर चढून बसतात.

यावर उपाय म्हणून ‘हायड्रॉलिक’ बेड आला. नाव हायड्रॉलिक असलं तरी आत दाबलेल्या वायूच्या नळकांड्या असतात, कारागीर त्यांना गॅस स्प्रिंग किंवा नुसतं पंप म्हणतात. त्यांची ताकद झाकण आणि गादी यांच्या एकत्र वजनाशी जुळवावी लागते. पलंग आधी बनतो आणि गादी नंतर येते, इथेच घोटाळा होतो. हलक्या फोमसाठी जुळवलेल्या पंपावर कापसाची जड गादी पडली की झाकण वर थांबत नाही. उलट झालं की ते नीट बसत नाही. गादी आधी ठरवा, तिचं वजन सुताराला सांगा, मगच पंप घ्या. वायूचा दाब वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो, त्यामुळे पंप बदलता येतील असे स्क्रूवर बसवलेले असावेत. लहान मूल असलेल्या घरात झाकण वर असताना खाली सरकवायचा आडवा लाकडी टेकूही हवाच. मला विचाराल तर छोट्या घरात झाकणाच्या बेडपेक्षा बाजूनं ओढायचे खोल खण केव्हाही चांगले. साठवण थोडी कमी होते, पण गादी न हलवता रोज हाताशी येते. खण ओढायला बाजूला दोन-अडीच फूट मोकळे लागतात, तेवढी जागा नसेल तरच झाकणाकडे वळावं.

सोफा-कम-बेडबद्दल थोडक्यात सांगतो. पुढे ओढून पाठ आडवी करायचे सोफे रोज झोपायला बरे, कारण त्यांची घडी एकाच हालचालीत उलगडते. तीन घड्यांचे, आत लोखंडी सांगाडा असलेले सोफे दुकानात भारदस्त दिसतात, पण मधली दांडी कमरेखाली लागते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला ते ठीक, रोज झोपणाऱ्याला नाही. अंथरूण ठेवायचा कप्पा सोफ्यातच नसेल, तर चादर-उशी कुठे ठेवायची या एका प्रश्नावर त्याची घडी बंद पडते.

भिंतीतला पलंग सर्वांत जास्त जमीन सोडवतो आणि सर्वांत जास्त अटी घालतो. त्याच्यासमोर सव्वासहा फुटांत कायमचं काहीही ठेवता येत नाही. टीपॉयसुद्धा रोज हलवावं लागतं. त्याहून मोठी अट भिंतीची. आजकालच्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या, चार इंची असतात. अशा भिंतीत साधा फास्टनर ओढ आली की सुटू शकतो. चाळीतल्या जुन्या चुन्याच्या भिंतीचाही भरवसा नाही. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतील तर प्रश्न येत नाही, ड्रिल करणाऱ्याचा घाम तेवढा निघतो. नाहीतर पलंगाचा सांगाडा जमिनीलाही जखडावा लागतो. ही काळजी उगीच नाही. अमेरिकेत एका कंपनीनं २०२२ मध्ये एक लाखाहून जास्त भिंती-पलंग परत बोलावले, कारण नीट न जखडलेला एक पलंग अंगावर कोसळून ७९ वर्षांच्या बाईंचा मृत्यू झाला होता. आपल्याकडे असले पलंग स्थानिक वर्कशॉपमधून बनून येतात आणि कुणी परत बोलावत नाही, म्हणून बसवतानाच समोर उभं राहून भिंत कशाची आहे, बोल्ट किती लांबीचा आहे हे बघावं.

दोन मजली पलंग मुलांना आवडतो. पण आपल्या खोल्या साधारण नऊ-साडेनऊ फूट उंच आणि मध्ये छताचा पंखा. वरच्या गादीवर मूल उठून बसलं की हात पात्यांपर्यंत जातो. भिंतीचा पंखा लावला, तरच तो पलंग घ्यावा.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त देणारी वस्तू म्हणजे भिंतीवरचं घडीचं टेबल. दीड फूट बाय तीन फुटांची फळी, खाली दोन घडीचे ब्रॅकेट. उघडायला एक हात, तीन सेकंद. तरीही ते अभ्यासाचं टेबल म्हणून घेऊ नका. जेवण, इस्त्री, भाजी चिरणं यांसाठी घ्या. अभ्यासाच्या टेबलावर वही उघडी राहायला हवी, अर्धवट गणित सकाळी तिथेच सापडायला हवं. निशियामानं जेवणाच्या जागेबद्दल जे पाहिलं तेच मला अभ्यासाच्या जागेबद्दल वाटतं. घरात एकच वस्तू न मिटणारी ठेवता येत असेल, तर ती मुलाचं टेबल असावी. दोन फूट बाय अडीच फूट पुरतात, आणि शोकेस काढली तर तेवढी भिंत बहुतेक घरांत निघते.

आता लाकूडकामाचं. घडीच्या फर्निचरचा जीव बिजागरीत आणि स्क्रूत असतो, लॅमिनेटच्या रंगात नाही. भुशापासून दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा सैल झाला की भोकाचं पीठ होतं, पुन्हा तिथे पकड येत नाही. स्थिर कपाटाला ते चालून जातं, रोज उघडमीट होणाऱ्या पलंगाला नाही. तिथे आयएस ३०३ या मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) प्लाय किमान हवा, मोरीलगत किंवा ओट्याखाली आयएस ७१० चा. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसतात. जमिनीला टेकलेली प्लायची कड ते पाणी पिते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. म्हणून कोणतंही फर्निचर चार इंच पायांवर उभं असावं. खाली झाडू फिरतो, हवा खेळते, ढेकूण-झुरळं दिसतात.

भाड्यानं राहणाऱ्यांचा प्रश्न निराळाच. अकरा महिन्यांचा करार, भिंतीला खिळा मारायची मनाई, आणि दर वर्ष-दोन वर्षांनी टेम्पोत सामान. त्यांना सुतारानं बनवलेलं काहीही उपयोगाचं नाही. ज्याचे भाग सुटे होतात आणि एकट्यानं जिन्यावरून उतरवता येतात अशाच वस्तू त्यांच्या कामाच्या. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया आलं, तेव्हा सुट्या भागांच्या फर्निचरची मोठी चर्चा झाली. पण पत्र्याची फोल्डिंग कॉट आणि प्लास्टिकची एकावर एक बसणारी खुर्ची हे काम किती तरी आधीपासून करत आहेत. नवरात्रीत, बारशाला, मयताला, शेजारच्या चार घरांच्या खुर्च्या एका घरात येतात आणि संध्याकाळी परत जातात.

शेजाऱ्यांच्या या खुर्च्यांपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. चाळीतली १६० फुटांची खोली कधीच फक्त १६० फुटांची नव्हती. बाहेरच्या गॅलरीत धान्य निवडलं जाई, म्हातारी माणसं बसत, तरुण पोरं उन्हाळ्यात झोपत, कॅरम रंगे. अभ्यासाला मंडळाची किंवा पालिकेची अभ्यासिका, वर्तमानपत्राला सार्वजनिक वाचनालय, व्यायामाला आखाडा. घरात न मावणारं अर्धं आयुष्य बाहेर मांडलेलं होतं, तेही घडी न घालता. पुनर्विकासात खोली मोठी झाली आणि गॅलरी गेली. झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, २०१८ च्या विकास नियमावलीपासून ३०० झालं. बी.डी.डी.च्या रहिवाशांना तर ५०० फूट मिळतात आणि वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचं दार, याचं मोल फुटांत मोजता येत नाही आणि ते मिळायलाच हवं होतं. पण बंद दारांच्या टॉवरमध्ये अभ्यास, गप्पा, कॅरम, पाहुण्यांची झोप हे सगळं आता त्याच चार भिंतींत येतं. एवढ्या ओझ्याखाली कुठलाही पलंग कितीही वेळा दुमडला तरी पुरा पडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं घर आखणाऱ्यांनाही आहे. लहान घराचा आराखडा मंजुरीला जातो तेव्हा त्यात पलंग एकदा उघडलेला आणि एकदा मिटलेला असा दोनदा काढलेला असावा. खोलीत किमान एक भिंत दहा फूट अखंड, दार-खिडकीशिवाय, आणि जखडायला भक्कम काँक्रीटची मिळावी. खोलीचं दार उघडून त्याच भिंतीवर आपटू नये. स्विचबोर्ड पलंगाच्या डोक्याशी यावा, कपाटामागे गाडला जाऊ नये. पंख्याच्या हुकाबरोबर कपड्यांच्या दांडीसाठी छतात दोन हुक ओततानाच सोडावेत, त्याचा खर्च जवळपास शून्य. आणि प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर सोसायटी ऑफिसएवढीच एक खोली मुलांच्या अभ्यासासाठी असावी, रात्री अकरापर्यंत उघडी, आत रांगेनं मांडलेली आणि जमिनीला पक्की बसवलेली टेबलं.